अलमेलूचं पोट आणि माझा काढा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चेन्नईच्या मैलापुरात गाणारे घरोघरी सापडतील, पण गाणाऱ्याचं पोट सांभाळणारा माणूस एकच, आणि तो मी, वेदांतम! वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही. माझी बायको अलमेलू गाते, मी तंबोरा उचलतो. ती रियाज करते, मी पंखा बंद करतो.

अकरा वर्षं आमच्या अलमेलूला मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबरातल्या संगीताच्या मोसमात दुपारी बाराचा कार्यक्रम मिळायचा. बाराला सभागृहात येतात कोण? ज्यांच्या घरची वीज गेली आहे ते! ती भैरवी गायची आणि चौथ्या रांगेतून घोरणं साथ करायचं. यंदा मात्र संगीत सभेचे चिटणीस सारनाथन स्वतः घरी आले. म्हणाले, "मामी, सव्वीस तारीख, संध्याकाळी साडेसहा. सभागृह भरलेलं दिसलं तर पुढल्या वर्षीही तुम्हीच. नाहीतर..." पुढचं त्यांनी कॉफीबरोबर गिळलं.

सगळं छान होतं, फक्त पोट सोडून. मोसमात गाणाऱ्यांच्या जेवणाला वेळकाळ नसतो. अलमेलूच्या पोटात गॅस धरू लागला. आठवड्यापूर्वी एका लग्नात गाताना ती वरच्या षड्जावर पोहोचली, सगळे श्वास रोखून बसले, आणि ढेकर आला! तोही तालात! आमचा मृदंगवाला पंचापकेशन इतका हजरजबाबी की त्याने त्या ढेकराला मृदंगावर उत्तर दिलं! वऱ्हाडी "व्वा!" म्हणाले. अलमेलू दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मी ठरवलं. सव्वीस तारखेला ढेकर येणार नाही म्हणजे नाही! आला तर नाव बदलीन.

देवळाच्या तळ्यामागे धनभाग्यम अम्मांचं झाडपाल्याचं दुकान आहे. तिथे जाऊन मी सुंठ, पिंपळी, ओवा, जिरं, ज्येष्ठमध आणि खड्याचा हिंग मागितला.

"पोट कुणाचं?" अम्मांनी विचारलं.

"बायकोचं."

"तिला विचारलंय?"

"त्यात विचारायचं काय?"

अम्मांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पोट माझंच बिघडलंय. "हिंग तुपात फुलवून शेवटी घाला, मामा. गरमच द्या. आणि घोटभरच! जास्त आटवलात तर डोक्यातून धूर निघेल."

सव्वीस तारखेला मी काढा उकळून थर्मासात भरला. रिक्षातून उतरताना एका हातात तंबोरा, दुसऱ्या हातात थर्मास, खांद्यावर अलमेलूची पिशवी. तंबोरा वाचला. थर्मास पायरीवर आपटला आणि आतून काचेचा खुळखुळा वाजू लागला.

दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी औषधांची पुडी जादा आणली होती! रंगमंचामागच्या खोलीत गायकांच्या गरम पाण्यासाठी शेगडी होती. मागचं दार उघडलं की अंगणात सभेचं कॅन्टीन. तिथल्या चेल्लप्पा मास्टरकडून एक मोठं पातेलं आणि वाटीभर तूप आणलं.

"कशाला, मामा?" चेल्लप्पाने विचारलं.

"संगीतासाठी!"

काढा उकळला. तुपात हिंग फुलला. अहाहा! अलमेलूने नाक मुरडत घोटभर घेतला आणि रंगमंचावर गेली. मुख्य रागाआधी दुसरा डोस लागेल म्हणून मी उरलेला मंद आचेवर ठेवला आणि पहिल्या रांगेत छाती काढून बसलो.

सभागृह गच्च भरलं होतं! उजवीकडे वर्तमानपत्राचे समीक्षक वही उघडून बसले होते. सुरुवातीचं वर्णम गाऊन झालं. ढेकर नाही. एक कृती झाली. ढेकर नाही! मी सारनाथनकडे वळून भुवया उडवल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी फुसफुसलं, "रसम आहे का हो?"

"छे! रसवडा. तुपातली फोडणी आहे."

"चेल्लप्पा आज काहीतरी खास करतोय!"

मी नाक वर केलं आणि समजलो. खोलीतली हवा वातानुकूलनाच्या झरोक्यातून थेट सभागृहात येत होती. ओवा, जिरं, सुंठ, तुपातला हिंग! साडेसहाशे पोटं एकदम जागी झाली होती. जठराग्नी पेटवणारी औषधं ती, वासानेसुद्धा कामाला लागली!

अलमेलूने डोळे मिटून कल्याणी रागाचा आलाप सुरू केला. शेवटची रांग उठली. मग तिच्या पुढची. लोक चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत होते, इतके सभ्य! पाच मिनिटांत आत उरले बारा जण. त्यातले दोघे झोपलेले आणि एक समीक्षक. सहाव्या मिनिटाला समीक्षकही वही मिटून गेले.

सारनाथन माझ्या कानाशी आले. "वेदांतम मामा, असं रिकामं सभागृह कमिटीने पाहिलं तर पुढल्या वर्षी मामी पुन्हा बाराला. मी काही करू शकणार नाही."

अलमेलूचं एक आहे. आलापात ती डोळे उघडत नाही. कल्याणी असली की वीस मिनिटं तरी नाही. म्हणजे माझ्याकडे चौदा मिनिटं होती. तिने डोळे उघडायच्या आत सभागृह भरायचंच!

मी धावलो. कॅन्टीनमध्ये दंगल चालू होती.

"लपवू नकोस, चेल्लप्पा! रसवडा कुठाय?"

"देवाशपथ नाही! आज भजी आणि केसरी शिरा!"

"मग वास कसला येतोय? कमिटीच्या लोकांसाठी ठेवलंयस ना झाकून?"

"अहो, मलाच भूक लागलीय त्या वासाने!" चेल्लप्पा रडकुंडीला आला होता.

मी बाकावर चढलो. "आत चला! मुख्य राग चालू आहे!"

"येतो मामा, एक प्लेट खाऊन."

विनवण्या केल्या, हात जोडले. एक माणूस हलेना. मी मान फिरवली आणि समोर त्या खोलीचं मागचं दार दिसलं. मी आत शिरलो, वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडली, पातेलं फडक्यात धरून उचललं आणि अंगणात आलो.

साडेसहाशे नाकं माझ्याकडे वळली.

"ज्याला हवंय त्याने पेला घेऊन माझ्यामागे यायचं!" मी ओरडलो. "आणि खुर्चीत बसल्याशिवाय कुणाला थेंब मिळणार नाही!"

पुढे पातेलं घेऊन मी, मागे पेले घेतलेली अख्खी सभा, आणि सगळ्यांत मागे चेल्लप्पा. "माझं पातेलं! माझं पातेलं!" आलाप ऐकू येत होता. अलमेलू वरच्या षड्जाकडे चढत होती. म्हणजे चारच मिनिटं!

आम्ही मुख्य दारातून आत आलो. "बसा! बसा!" लोक पटापट बसले. सारनाथनने अर्धा काढा दुसऱ्या भांड्यात घेतला आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी ओतत सुटलो. प्रत्येकाला घोटभर. समीक्षकांनी दोनदा मागून घेतला.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. तासभर आटून त्या काढ्याचा ज्वालामुखी झाला होता. पहिला घोट उतरला आणि लोकांचे चेहरे तांबडे झाले. कुणाला ओरडावंसं वाटत होतं, कुणाला पळावंसं! आणि नेमक्या त्याच क्षणी अलमेलूने षड्जावरून उतरत आलाप संपवला आणि डोळे उघडले.

गाणारी बाई डोळ्यांत पाहत असताना मैलापुरातला माणूस उठून जात नाही. लोक जागच्या जागी खिळले. साडेसहाशे माणसं, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! समीक्षक उपरण्याने डोळे पुसत होते. पंचापकेशनसुद्धा पाहतच राहिला. मग कुणीतरी ठसका लपवायला टाळी वाजवली आणि सभागृह कडाडलं.

अलमेलूने हात जोडले. त्यानंतर ती जी गायली, तसं गाताना मी तिला तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. एक माणूस जागचा हलला नाही. अर्थात, घसा शेकून निघाल्यावर हलणार कोण?

सारनाथनने जाताना माझा हात दाबला. "पुढल्या वर्षी संध्याकाळ पक्की. पण मामा, तुम्ही पातेलं आणायचं नाही."

परतताना रिक्षात ती म्हणाली, "लोक रडले हो आज." मी म्हणालो, "कल्याणीच तशी होती." खोटं काय होतं त्यात? थोडंच.

तीन दिवसांनी परीक्षण छापून आलं. मी कॉफी पीत मोठ्याने वाचलं, "'अलमेलू यांच्या कल्याणीने अवघ्या सभागृहाच्या डोळ्यांत पाणी आणलं. प्रस्तुत समीक्षकालाही अश्रू आवरता आले नाहीत.'"

अलमेलू भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "पिंपळी जरा जास्तच पडली होती."

मी पेपर खाली ठेवला. "तुला... तू तर डोळे मिटून बसली होतीस!"

"डोळे मिटले होते हो," ती म्हणाली, "नाक नव्हे."