यादवसाहेबांचं बीट

सातपूरच्या एका कारखान्यात यादवसाहेब कामगार कल्याण अधिकारी होते. कल्याण करण्यासारखं हाती फारसं काही नसल्यामुळे ते व्याख्यानांना जात. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास अशाच एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की रंगीत कंदमुळांत रक्त शुद्ध करणारी सत्त्वं असतात आणि ती नेमाने खाणारा माणूस म्हातारपणीही दवाखान्याची पायरी चढत नाही. घरी त्यांनी हे यशोदाबाईंना, म्हणजे बायकोला, सांगून पाहिलं. "तुमच्यापुरतं उकडून देईन," एवढंच बोलून त्या कामाला लागल्या. घरात ज्याचं चालत नाही, तो समाज सुधारायला बाहेर पडतो. यादवसाहेब कँटीनमध्ये शिरले.

सोमवारी कामगार आले तर सकाळचा चहा गायब, त्याच्या जागी बिटाचा रस. दुपारी भाजी बिटाची, कोशिंबीरही बिटाचीच. साहेब ताटांवर नजर ठेवून उभे होते. वाटी बाजूला सारणाऱ्याला ते म्हातारपणाची भीती घालत. कामगारांना म्हातारपणापेक्षा भूक जवळची होती, म्हणून त्यांनी ते गिळलं. आदर्श म्हणून साहेब स्वतः सगळ्यांदेखत दोन पेले रस प्याले आणि ढेकर देऊन ताजंतवानं वाटत असल्याचं जाहीर केलं.

जेवणानंतर लेथवरचा चंदर मुतारीतून आला तो भिंत धरूनच. शेजारच्या मशीनवरच्या भिकनला तो हळूच म्हणाला, "माझं काय खरं नाय. लघवीतून रगत पडतंय."

भिकनने त्याला धीर दिला, मग सहज खात्री करून यावी म्हणून आत गेला आणि तोही भिंत धरून परतला. अर्ध्या तासात मुतारीपुढे रांग लागली. ज्यांचा रंग बदलला नव्हता ते जास्त घाबरले; आपलं रक्त आतल्या आत साठतंय अशी त्यांची समजूत झाली. लाल रस प्यालो म्हणून लाल दिसलं, हे कोणालाच सुचलं नाही. घाबरलेल्या माणसाला साधं कारण पटत नाही. पाण्याच्या टाकीत केमिकल पडल्याचं ठरलं आणि युनियनचा पुढारी निवृत्ती याने मशिनी बंद करायला लावल्या.

यादवसाहेब धावत आले. अडाणी लोकांना कामचुकारपणाला निमित्त लागतं, हे त्यांनी जरा मोठ्यानेच सांगितलं. टाकीचं पाणी त्यांनी स्वतः पिऊन दाखवलं. दोन पेले रसावर तांब्याभर पाणी गेल्यावर व्हायचं तेच झालं, आणि साहेबांना आत जावं लागलं.

बाहेर आले तेही भिंत धरूनच. कंपनीच्या जीपमध्ये आडवे झाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "यशोदेला दवाखान्यातच घेऊन ये."

साहेबच झोपले म्हटल्यावर कोणाला शंकाच उरली नाही. मागोमाग कंपनीची बस भरून निघाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी चंदरला तपासलं, भिकनला तपासलं आणि सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं. दोघांनी एकदमच सांगितलं. डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून ठेवली. मग म्हणाले, "हे रक्त नाही, बिटाचा रंग आहे. काही जणांचा उतरतो, काहींचा नाही. एवढं बीट तुम्हाला खाऊ घातलं कोणी?"

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट दाखवलं. तिथे साहेब यशोदाबाईंचा हात धरून, आपल्यामागे कसं राहावं ते त्यांना समजावून सांगत होते. यशोदाबाईंनी हात सोडवून घेतला.

त्या दिवसाची उरलेली पाळी कंपनीने भरपगारी सुट्टी धरली. बीट बंद झालं, चहा पुन्हा सुरू झाला. साहेब व्याख्यानांना जाईनासे झाले.

दिवाळीआधी युनियनच्या मागण्या आल्या. पहिलीच मागणी होती, कँटीनमध्ये बीट पुन्हा सुरू करा. बोलणी करायला मॅनेजरनी यादवसाहेबांनाच बसवलं. कामगारांना आणखी एक भरपगारी सुट्टी दिसतेय, हे साहेबांना कळत होतं. पण त्या दिवशी स्वतःच आधी आडवं झाल्यामुळे तसं बोलायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी बिटाची निंदा सुरू केली. बिटात तसं काही नसतं, शेवटी गुरांचा गोडसर चाराच तो, आणि त्याने कोणाचं आयुष्य वाढल्याचं आपल्या तरी ऐकिवात नाही, असं त्यांनी घाम पुसत सांगितलं.

निवृत्तीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं ठीक हाय साहेब, तुमचं वय झालं," तो म्हणाला. "आम्हाला अजून लय जगायचंय."