काळ्या मातीचा गुण

देवव्रतला वाइनमधलं सगळं कळायचं, फक्त चव कळत नसे. मातीचा विषय निघाला की तो समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलायचा. मुरमाड जमिनीतल्या द्राक्षाचा तोरा वेगळा, काळ्या मातीतल्याचा आब वेगळा, आणि साल बदललं की दोघांचाही स्वभाव बदलतो. ही विद्या त्याने एका पुस्तकातून आणि एका शिबिरातून मिळवली होती. दोन हजार चार साल होतं, नाशकात जो तो वाइनवर बोलत होता. देवव्रतला मात्र पतसंस्थेची कारकुनी सोडून गोटीरामशेठच्या वायनरीत नोकरीच हवी होती.

शेठने परीक्षा घेतली. दोन जमिनींतली, दोन सालांची लाल वाइन घरी न्यायची आणि मनासारखं मिश्रण करून सोमवारी आणायचं. आता घर इंदिरानगरात असलं, तरी वडील रामकुंडावर विधी सांगणारे. बाळाजीगुरुजींच्या घरात वाइन! देवव्रतने डोकं चालवलं. गुरुजींच्या द्राक्षासवाची रिकामी बाटली घेतली, तिच्यात मिश्रण अर्ध्यापर्यंत भरलं आणि ती औषधांच्या फळीवर ठेवून दिली. औषधावर कोण संशय घेणार?

संशय कोणी घेतला नाही. पण रविवारी त्याची आई कुसुमताई फळी आवरायला बसल्या. अर्ध्यामुर्ध्या बाटल्या बघितल्या की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. त्यांनी सगळ्या बाटल्यांचे तळ द्राक्षासवाच्या त्या अर्ध्या बाटलीत रिकामे केले आणि समाधानाने हात पुसले.

सोमवारी देवव्रतने ती बाटली वायनरीत नेऊन ऐटीत सुरईत ओतली.

"शेठ, काळी माती बोलतेय यात," तो म्हणाला.

गोटीरामशेठने घोट घेऊन डोळे मिटले. परदेशात कोर्स करून आलेला त्यांचा सल्लागार राज ग्लास फिरवत राहिला.

"लवंग," राज म्हणाला. "दालचिनी. मागून एक भारदस्त कडवटपणा. हे लाकडी पिंपाचं काम नाही. हे थेट मातीतून आलंय."

देवव्रतने स्वतः घोट घेतला आणि त्याला दरदरून घाम फुटला. लहानपणी प्रत्येक तापानंतर आईने नाक दाबून पाजलेली ही चव! खरं सांगावं तर नोकरी गेली. न सांगावं तर नोकरी मिळाली. त्याने फार विचार केला नाही.

"गेल्या साली पाऊस कमी," तो खोल आवाजात म्हणाला. "वेलीला ताण बसला. दाणा बारीक, साल जाड. ही त्या ताणाची चव."

"ताण जाणवतोय," राज गंभीरपणे म्हणाला. न जाणवून त्याला परवडलंच नसतं, त्याचाच तो पगार होता.

"माझं तर गुडघं हलकं झाल्यावानी वाटतंय!" शेठ खूश झाले. "लय भारी! उद्यापासून या कामाला. पण हीच चव पायजे बरं का. पिंपंच्या पिंपं काढा."

देवव्रत धावतच घरी आला.

"आई, त्या फळीवरच्या बाटलीत काय काय ओतलंस?"

"उरलं होतं ते. बाबांचं दशमूलारिष्ट, द्राक्षासव, तुझा खोकल्याचा काढा. का रे?"

"तसंच परत करून दे ना!"

"परत कसं होईल?" कुसुमताई म्हणाल्या. "गेल्या वर्षी हवाच रोगट होती. बाबांची कंबर धरलेली, तुझा खोकला जाईना, म्हणून एवढ्या बाटल्या आल्या. यंदा हवा छान आहे, सगळे ठणठणीत. दरवर्षी सारखं असतं होय?"

पुस्तकातलं व्हिंटेजचं, म्हणजे सालागणिक बदलणाऱ्या चवीचं, प्रकरण देवव्रतला आत्ता कुठे समजलं. तो झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेल्या गुरुजींपाशी गेला.

"बाबा, हल्ली कंबर धरते का हो थोडी?" त्याने मोठ्या आशेने विचारलं.

"छे! हे बघ," म्हणत गुरुजी ताडकन उभे राहिले आणि त्यांनी कमरेत वाकून दोन्ही हात जमिनीला टेकवून दाखवले.

देवव्रतचे डोळे पाण्याने भरले. ते बघून गुरुजींनाही गहिवरून आलं. एवढी काळजी करणारा मुलगा हल्ली कुठे मिळतो!