धुतलेला डबा आणि भंवरलाल

बाबाराव जेवणाचा डबा धुऊन घरी आणू लागले, तेव्हाच धुरपताबाईच्या मनात पाल चुकचुकली. लग्नापासून आजवर ज्या माणसानं स्वतःची खरकटी वाटी उचलून मोरीपर्यंत नेली नाही, ताटातच हात धुतला आणि बसल्या जागी ढेकर दिला, तो माणूस शेतातून येतो आणि लख्ख डबा ओट्यावर ठेवतो, हे काही सरळ लक्षण नव्हतं. त्यातून डब्याला वास लिंबाच्या साबणाचा. धुरपताबाईच्या घरी भांडी राखेनं घासली जात. साबणाचे चोचले तिनं सुनेलाही करू दिले नव्हते.

विचारलं, तर बाबाराव म्हणाले, बोअरवर धुतला.

"साबन बी बोअरमधूनच निंगते का?"

बाबारावांना तेवढ्यात गाईला पाणी दाखवायची आठवण झाली.

दिवाळीनंतर त्यांचं बीपी वाढलं होतं. हिंगणघाटच्या डॉक्टरनं मीठ-तेल कमी करायला सांगितलं, आणि धुरपताबाईनं मिठाची बरणी अशी वर ठेवली की तिलाच स्टूल घ्यावं लागे. सुरुवातीला बाबाराव ताटाकडे पाहून उसासे टाकत. पण अलीकडे डब्याला नावं ठेवत नव्हते. उलट पोट सुटायला लागलं होतं. अळणी दुधी खाऊन पोट सुटलेला माणूस उभ्या तालुक्यात कोणी पाहिला असेल तर पुढं यावं.

तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. एके दिवशी डब्यात गुळाशिवायचं, मिठाशिवायचं कडूजहर कारलं दिलं. डबा धुऊन आला. दुसऱ्या दिवसापासून दोन भाकरींऐवजी अर्धी भाकर बांधली. तरी डबा धुऊन आला, आणि वर बाबाराव म्हणाले, "बेस झालतं आज." रात्री नवरा झोपल्यावर तिनं त्याचं तोंड हुंगून पाहिलं. दारूचा वास नव्हता. त्यामुळे तर काळजी जास्तच वाढली, कारण दारू असती तर निदान नाव तरी घेता आलं असतं.

आणखी एक गोष्ट होती. डबा सायकलच्या कॅरियरला बांधायला बाबारावांनी कुठून तरी एक पट्टा आणला होता. गुळगुळीत, करड्या रंगाचा, त्याला काळं चकचकीत डबीएवढं काहीतरी लावलेलं, आणि त्यातून उंदराच्या शेपटीसारखी एक तार. धुरपताबाईच्या मते तो कोणा बाईच्या पर्सचा पट्टा होता. शेतातल्या बाभळीला लटकलेला सापडला, असं बाबाराव म्हणाले.

"शेतात कापूस उगते. पर्सचे पट्टे उगत नाई," असं म्हणून तिनं विषय संपवला, म्हणजे मनात सुरू ठेवला.

मनात नाव होतं प्रमिलाबाईचं. अल्लीपूर रस्त्याला टेकाडाजवळ चार घरांची ओळ आहे, तिथं या विधवा बाईचं किराण्याचं दुकान. बाई हसतमुख, आणि दुकानात लिंबाचा साबण. त्याच ओळीतलं शेवटचं घर धुरपताबाईच्या थोरल्या मुलाचं, राकेशचं होतं. पण ते घर तिच्या मोजणीत नव्हतं. मागल्या वर्षी चार पाहुण्यांत तिनं सून भावनाच्या बेसनाच्या पाटोडीला चपलेचा तळ म्हटलं होतं. भावना एक शब्द बोलली नाही, फक्त महिनाभरात चूल वेगळी केली. तेव्हापासून त्या वाटेनं जायची वेळ आलीच, तर धुरपताबाई शेवटच्या घरापाशी पदर आड घेई आणि मान कपाशीच्या वावराकडे करी.

असं सगळं चाललेलं असताना एका दुपारी, बाबाराव डबा घेऊन गेल्यावर, दारात जीप येऊन थांबली. जीपवर राजस्थानचा नंबर, दारावर उंटाचं चित्र. आतून मातकट कपड्यातला एक पोरगा आणि एक पोरगी उतरली. पोराच्या हातात जुन्या टीव्हीच्या अँटिनासारखं काहीतरी होतं आणि ते तो गोठ्याकडे रोखत होता.

धुरपताबाईनं बाहेर येऊन आधी दाराची कडी लावली आणि मग विचारलं, कोण, कुठले.

पोरगा सेलूचाच निघाला. नाव योगेंद्र. पोरगी रक्षा, नागपूरची. दोघं जैसलमेरकडे वाळवंट वाचवणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते.

"वाळवंट वाचवायचं?" धुरपताबाईनं दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्याले कोन चोरून न्यून राह्यलं?"

योगेंद्रनं वाळवंटातल्या झाडाझुडपांचं, जनावरांचं, पाण्याच्या टाक्यांचं बरंच सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि मग मुद्द्याचं विचारलं, की मग वाळवंट सोडून वर्धा जिल्ह्यात काय राहिलं होतं. तोवर तिच्या मनानं निकाल दिला होता: हे गुप्तधनवाले. गोठ्याखाली हंडा आहे, असं कोणीतरी यांना सांगितलंय आणि अँटिनानं हंडा शोधणं सुरू आहे.

तरी दारात आलेल्याला पाणी विचारायची रीत. तिनं दोन गिलास भरून दिले. योगेंद्र म्हणाला, अर्धाच द्या मावशी. रक्षानं दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी जास्वंदीच्या कुंडीत ओतलं. वाळवंटात राहून थेंब वाया न घालवायची सवय लागलेली, पण धुरपताबाईला ते कसं कळावं? घरचं पाणी अर्धं परत करणारा आणि अर्धं झाडाला घालणारी. विष घातलं की काय, असा यांचा संशय दिसतो. संशय घेणं हे तिच्या घरात तिचं काम होतं. पाहुण्यांनी ते करावं, हे तिला खपलं नाही.

"सरळ बोला बाप्पा. गोठ्यात काय पाह्यजे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रक्षा, कोर्टात विचारतात तशा आवाजात, म्हणाली, "भंवरलाल रोज रात्री तुमच्याकडेच झोपतो. आमच्याकडे पुरावा आहे."

धुरपताबाई उठून उभी राहिली. साठी उलटलेल्या बाईच्या घरी कोणी भंवरलाल झोपतो, असं उंटाच्या गाडीतून येऊन सांगतात. तिनं कोपऱ्यातला खराटा हाती घेतला. तो झाडायला नाही, हे दोघांनाही कळलं.

योगेंद्र घाईघाईनं मध्ये पडला. भंवरलाल हे गिधाड होतं. वाळवंटात त्याच्या पाठीवर एक यंत्र बांधलेलं, ते उन्हावर चालतं आणि पक्षी कुठं फिरतो ते नकाशावर दाखवतं. गिधाड उडत उडत इकडे आलं, हे चांगलंच झालं होतं. इकडची गिधाडं कधीच संपली, पुन्हा एखादं दिसलं तर संस्थेला आनंदच. पण महिना झाला, भंवरलाल उडतच नव्हता. नुसता चालत होता. रक्षाला वाटत होतं, कोणीतरी त्याला धरून बांधून ठेवलंय, किंवा मारलंय. पक्षी मेला असेल तर त्यांची दोन वर्षांची मेहनत मातीत, आणि मारला असेल तर मारणाऱ्यावर जंगलखात्याची केस. जैसलमेरचे मोठे साहेब मात्र खूश होते. गिधाड माणसात राहायला शिकलं, ठरल्या वेळी जेवतं, असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले होते.

"राह्यते कसं थे गिधाड?" धुरपताबाईनं खराटा खाली टेकवला, सोडला नाही.

योगेंद्रनं टॅबवर नकाशा काढला. भंवरलाल रोज उशिरा उठतो. उठला की चौकात चहाच्या टपरीजवळ बराच वेळ बसतो.

"हं."

मग घरी येतो. मग दुपारी निघतो. वाटेत चढावर सारखा थांबतो, जसा काही त्याला दम लागतो.

"गुडघे दुखतेत," धुरपताबाई पुटपुटली.

दुपारी टेकाडाजवळ एकाच जागी खातो. खाल्लं की तिथंच तासभर निपचित पडतो. मग थोडा वेळ शेतात, आणि दिवे लागायला घरी. रविवारी सकाळी मात्र विहाराजवळ जातो आणि वंदना संपेपर्यंत जागचा हलत नाही.

"हलन कसं? झोपते तेथी."

रक्षानं वहीतून मान वर केली. "तुम्ही पाहिलंय त्याला?"

"चाळीस वर्सं झाले," धुरपताबाई म्हणाली. "यंत्राचा फोटू दाखव."

फोटोत एक भलंमोठं गिधाड मान आत घालून बसलं होतं. त्याच्या पाठीवर करडा पट्टा, काळी चकचकीत डबी आणि उंदराच्या शेपटीसारखी तार. धुरपताबाई फोटोकडे पाहत राहिली. मग आत जाऊन तिनं चांगलं लुगडं नेसलं, केस विंचरले आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चला. दाखवते तुमचं गिधाड. पन मधात कोनी बोलायचं नाई."

जीप प्रमिलाबाईच्या दुकानापुढं उभी राहिली, कारण धुरपताबाईनं तिथंच उभी करायला लावली. प्रमिलाबाई काउंटरमागं एकटीच बसून तूर निवडत होती. धुरपताबाईनं दुकान डोळ्यांनी झाडून पाहिलं: पोती, बरण्या, लिंबाचा साबण, नवरा नाही. एवढ्या दिवसांचा संशय असा रिकामा निघाल्यावर माणसाला जरा हुकल्यासारखं होतं. मागं योगेंद्रच्या हातातलं यंत्र टुकटुक करत होतं आणि ओळीच्या शेवटाकडे तोंड केलं की जोरानं वाजत होतं.

शेवटच्या घराच्या भिंतीला सायकल टेकलेली होती.

धुरपताबाईला पदर आड घ्यायची आठवण राहिली नाही. ती तरातरा चालत गेली आणि राकेशच्या दारात उभी राहिली.

आत बाबाराव पाटावर बसले होते. पुढ्यात पाटोडीचा रस्सा, वर बोटभर तर्री, मिशा लाल झालेल्या. खमंग भाजलेल्या जवसाचा वास सुटला होता. रश्श्यात जवस घालायची रीत गावात एकाच घरची, आणि ते घर धुरपताबाईचं. समोर भावना बसली होती, भिंतीला पाठ टेकून, सात महिन्यांचं पोट सांभाळत. तिच्या मांडीशी धुरपताबाईचा डबा उघडा होता आणि अर्ध्या भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ती दुधीचा डबा पुसून खात होती.

बाबारावांचा घास हातातच राहिला. भावना उठायला लागली, तिला पटकन उठता येईना.

"बस," धुरपताबाई म्हणाली. एका वर्षात सुनेशी बोललेला हा पहिला शब्द. मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

भावनानंच हळूहळू सांगितलं. तिलाही बीपी निघालं होतं. डॉक्टरनं दटावलं, मीठ सोड, नाहीतर पोटातल्या लेकराला धोका आहे. पण तिच्या हाताला अशी सवय पडलेली की मीठ कमी घालताच येईना, आणि अळणी केलंच तर घशाखाली उतरेना. एकदा बाबाराव डबा इथं घेऊन आले, दोघांनी डबा आणि ताट बदललं, आणि डब्यातलं तिच्या घशाखाली उतरलं. तेव्हापासून रोज हेच चाललं होतं.

"कारलं बी खाल्लं?" धुरपताबाईनं भिंतीलाच विचारलं.

"खाल्लं."

"सोडून द्याचं होतं. मलेही खाववलं नसतं."

"तुमच्या हातचं होतं, आई."

धुरपताबाईला एकदम त्या अर्ध्या भाकरी आठवल्या. नवऱ्याला उघडं पाडायला म्हणून तिनं तव्यावरून मोजून उतरवलेल्या. ती खाली बसली. भावनाचा हात धरून तिनं मनगट चाचपलं आणि सोडलं.

बाहेर योगेंद्र आणि रक्षा सायकलभोवती ओणवे झाले होते. पट्टा सोडून त्यांनी उलटासुलटा पाहिला आणि रक्षा फतकल मारून मातीतच बसली. पट्ट्याची शिवण मुद्दामच कच्ची ठेवलेली असते, वेळ झाली की ती आपोआप उसवावी म्हणून. ती नीट उसवली होती. रक्त नाही, कापल्याची खूण नाही. भंवरलाल यंत्र टाकून मोकळा झाला होता आणि कुठल्या तरी आभाळात, कोणालाही पत्ता न देता, फिरत होता. रक्षाचे डोळे भरून आले. योगेंद्रला मात्र भलतीच चिंता लागली: गिधाड ठरल्या वेळी जेवतं, हे साहेब सगळीकडे सांगून बसलेत, आता त्यांना काय कळवायचं.

"पाटोड्या खाते म्हना," आतून बाबाराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं, वातावरण निवळलं.

धुरपताबाईनं वळून पाहिलं. बाबारावांनी चटकन ताट पुढं सरकवलं, जणू ते ताट त्यांचं कधी नव्हतंच. तिनं एक तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. सगळे तिच्या जबड्याकडे पाहू लागले. चपलेच्या तळापासून मऊ पाटोडीपर्यंत सून कधी पोचली, हे काही ती आज बोलणार नव्हती. पण तिनं दुसरा तुकडा मोडला, आणि भावनाला तेवढं पुरलं. दोघा वाळवंटवाल्यांनाही तिनं आत बोलावून ताटं वाढायला लावली. पाणी तिनं स्वतः दिलं, अर्धा अर्धा गिलास.

बाबारावांना धीर आला. ते म्हणाले, "सांगतलं असतं, त तू डबा देला असता का?"

"नाई म्हनली असती. मंग रातभर कुरकुर केली असती. अन् सकाळी देला असता," धुरपताबाई म्हणाली. तिनं रिकामा डबा उचलला, झाकण लावलं आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. "चोरून खाल्लं, थे माफ. साबनानं डबा घासला, थे बी माफ. पन गरवार पोरगी इतके दिवस माया अर्ध्या भाकरीवर राह्यली अन् तुम्ही 'बेस झालतं' म्हनत राह्यले. आता मले एक सांगा अजी, तोंड काय निस्तं पाटोड्या खायलेच देलं हाये का तुमाले?"