कृपया सोबत नातेवाईक आणावा

डोळ्यांना पापण्या दिल्या आहेत, तोंडाला ओठ दिले आहेत, कानाला मात्र झाकण दिलेलं नाही. यावरून माणसाने सतत ऐकत राहावं अशी निसर्गाची इच्छा असावी, असं अनुमान निघतं. माणूस ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणून काही निवडक व्यक्तींच्या कानात निसर्ग कायमस्वरूपी आवाजच बसवून देतो. त्याला टिनिटस म्हणतात. बाहेर काहीही वाजत नसताना आत वाजत राहतं. (वीज लागत नाही, देखभाल लागत नाही, बंद करायचं बटण नाही.)

जयंत टिपणिसांच्या डाव्या कानात ही सोय १९८४ साली झाली. किटली उकळायच्या जरा आधी जो बारीक सूर धरते, तो सूर, चोवीस तास. टिपणीस तेव्हा एडिनबराजवळच्या एका इस्पितळात कान-नाक-घशाचे सर्जन होते. कानाच्या सर्जनने स्वतःच्या कानाची तक्रार करणं हे टक्कल पडलेल्या माणसाने केशवर्धक तेल विकायला बसण्यासारखं दिसतं. टिपणिसांनी तोंड मिटून घेतलं.

त्यातून त्या देशात सर्जन झालेल्या माणसाची पदवी मोठ्या सन्मानाने काढून घेतात. परीक्षा पास झाली की तो डॉक्टर राहत नाही, मिस्टर होतो. टिपणिसांच्या आईने पुण्याहून काळजीने विचारलं होतं, 'काही चुकलं का रे तुझ्या हातून?' टिपणिसांना मिस्टर व्हायला दोन देश आणि उमेदीची सगळी वर्षं लागली होती. शेजारचे बँकेतले कारकून घरबसल्या मिस्टर होते, हे आईला समजावता समजावता त्यांच्या नाकी नऊ आले.

परदेशातून आलेल्या सर्जनवर इस्पितळाचा विशेष लोभ असे. जो रुग्ण बरा होत नाही, मरत नाही आणि परत येतो, तो त्याच्याकडे प्रेमाने सोपवण्यात येई. अशा रीतीने दर गुरुवारचं टिनिटस क्लिनिक टिपणिसांकडे आलं आणि राहिलं. कार्यपद्धती आदर्श होती. प्रथम कानात बघायचं. नंतर काचेच्या खोलीत बसवून श्रवणशक्ती मोजायची. शेवटी खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाजात ओलावा आणून म्हणायचं, 'सवय होईल.' या वाक्यावर टिपणिसांनी मेहनत घेतली होती. आधी किती थांबायचं, मान कुठल्या बाजूला कलती करायची, हे त्यांनी स्वतः विकसित केलं होतं. शंभरातल्या चौऱ्याण्णव रुग्णांना या उपचाराने पूर्ण समाधान मिळालं, असं त्यांचं निरीक्षण होतं. (सहा जण भांडले. चौऱ्याण्णव पुन्हा आले नाहीत.)

क्लिनिकचा एक नियम मात्र खास टिपणिसांचा: रुग्णाने सोबत नातेवाईक आणावा. स्कॉटिश माणसाला तुम्ही कसे आहात विचारलं, तर घराला आग लागलेली असतानाही तो 'वाईट नाही' म्हणतो. खरं काय ते बायको सांगते. हा नियम इतका यशस्वी ठरला की टिपणिसांनी त्यावर परिषदेत भाषण केलं. टाळ्या पडल्या. (डाव्या बाजूच्या त्यांना नीट कळल्या नाहीत.)

१९९१ साली कन्सल्टंटची, म्हणजे सर्वांत वरच्या सर्जनची, जागा निघाली. टिपणिसांच्या हाताखाली शिकून गेलेली मुलं एव्हाना कन्सल्टंट होऊन गोल्फ खेळत होती. ही शेवटची संधी, नाहीतर निवृत्तीपर्यंत गुरुवार. नेमणुकीआधी वैद्यकीय तपासणी असते, आणि तिथे काचेच्या खोलीत टिपणिसांचं बिंग फुटलं. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा, असं त्यांना सांगण्यात आलं.

ते त्यांच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टर असलेल्या मित्र उदय मोडककडे गेले.

"अरे जयंत, रेफर करतो ना," मोडक म्हणाला. "पण करू कोणाकडे? या सगळ्या एरियात टिनिटसचं क्लिनिक एकच आहे. ते तू चालवतोस."

टिपणीस रांग मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी स्वतःच्या वेटिंग लिस्टच्या तळाशी स्वतःचं नाव घातलं. आठ महिन्यांची रांग होती आणि मुलाखत महिन्यावर आलेली. सुदैवाने एक रुग्ण वारला आणि जागा झाली. (टिनिटसने नव्हे. टिनिटसने कुणी वारत नाही, हेच तर दुखणं.)

ठरल्या गुरुवारी सिस्टर मकाय बाहेर येऊन 'मिस्टर टिपणीस' अशी हाक मारू लागल्या. आतून मिस्टर टिपणीस 'ओ' म्हणाले. सिस्टरना ते पसंत पडलं नाही. रुग्ण प्रतीक्षाकक्षातून आला पाहिजे, हा नियम. टिपणीस बाहेर गेले, बसले, हाक आल्यावर उठले आणि आत आले. सोबत नियमाप्रमाणे नातेवाईक होता, म्हणजे पत्नी शैलाबाई. (स्वभाव शांत. चहा उत्तम करतात.)

प्रश्न डॉक्टरच्या खुर्चीतून विचारायचे आणि उत्तरं रुग्णाच्या खुर्चीत जाऊन द्यायची, असं टिपणिसांनी ठरवलं होतं. दोन फेऱ्यांतच गुडघा बोलायला लागला, तेव्हा ते एकाच खुर्चीत बसून दोन्ही कामं करू लागले.

"झोप कशी लागते?" टिपणिसांनी विचारलं, आणि तेच म्हणाले, "बरी."

"अहो, कसली बरी?" शैलाबाई म्हणाल्या. "रात्रभर रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवता. ती खरखर असली तरच तुमचा डोळा लागतो. सात वर्षं चाललंय."

"चिडचिड होते?" टिपणिसांनी पुढचा प्रश्न घेतला. "नाही, काही विशेष नाही."

"परवा फ्रिजवर ओरडलात."

"तो घूं घूं करत होता."

"मग फ्रिजने काय गझल म्हणायची?"

टिपणिसांनी 'चिडचिड: मध्यम' अशी नोंद केली. हा नियम काढणारा माणूस फारच हुशार असला पाहिजे, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"आणि ऑपरेट करताना?"

इथे रुग्णाने डॉक्टरचं पेन खाली ठेवलं. मग टिपणीस, त्या खोलीत आजवर एकाही रुग्णाने जे मोकळेपणाने सांगितलं नव्हतं ते, एकदम बोलून गेले. "तिथे मी विसरतो. शैला, मला भीती वाटते गं. हे इस्पितळवाले अनफिट म्हणाले तर पोस्ट गेलीच, पण उद्या मला कोणी थिएटरमध्येसुद्धा उभं करणार नाही. मग मी दिवसभर हा आवाजच ऐकत बसायचं?"

त्यांचे डोळे भरून आले. शैलाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"काही जात नाही पोस्ट. आवाज असला तरी काम होतं. माझं होतंच की."

"तुझं?"

"मलाही येतो ना. दोन्ही कानांत. आपण लंडनजवळ हाउन्सलोला होतो, तुम्ही फेलोशिपचा अभ्यास करत होतात, आणि मी विमानातले ट्रे धुवायच्या मशीनवर होते, तेव्हापासून. आता बॉटलिंग हॉलमध्ये तर काय, दिवसभर काचेवर काच. चाळीस जण हाताखाली, टार्गेट डोक्यावर, आणि कानात हे. पण शिफ्ट चालते."

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कानाचे सर्जन. म्हटलं, विचारतील."

टिपणिसांनी तोंड उघडलं. त्यातून जे बाहेर पडलं ते ऐकून त्यांना स्वतःलाच धक्का बसला. पण शिस्त अंगात मुरली की अशीच मुरते.

"मोडककडून रेफरल आण," ते म्हणाले. "त्याशिवाय मला तुला बघता येणार नाही."

"आणते," शैलाबाई पर्स उचलत म्हणाल्या. "पण गुरुवारी माझी शिफ्ट असते. आज रजा काढून आले होते."

टिपणिसांनी टिपणिसांना फिट ठरवलं. रुग्णाच्या बाबतीत कसलीही भीडभाड न ठेवल्याबद्दल निवड समितीने त्यांचं कौतुक केलं आणि त्यांना कन्सल्टंट नेमलं. शैलाबाईंचा नंबर यथावकाश लागला. त्या दिवशी गुरुवार होता. त्या कामावर होत्या.

स्कॉच व्हिस्कीच्या कारखान्यात एक मराठी बाई चाळीस माणसं सांभाळते, ही महत्त्वाची माहिती कथेत इतक्या उशिरा का आली, असा आक्षेप चोखंदळ वाचक घेतील. तो नोंदवून घेण्यात आला आहे. तथापि टिपणीस काय करतात, त्यांना काय होतं आणि त्यांना ती जागा मिळते का, हे आपण पहिल्यापासून मन लावून ऐकलंत. बाई चहा उत्तम करतात म्हटल्यावर आपलं समाधान झालं, पुढे काही विचारावंसं आपल्याला वाटलं नाही. आत्ताही आपण वाचत असताना शेजारून कुणीतरी दोनदा काहीतरी म्हटलं असण्याची शक्यता आहे.