नीट बगा, परत सांगावं लागतंय

आमच्या गल्लीत गजर लावून कुणी झोपत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला अंबादासमामा आपल्या सायकलच्या चाकात हवा आहे का, हे स्वतःलाच विचारतात आणि ते विचारणं चार घरं ओलांडून माझ्या अंथरुणात येतं. "मागच्यात कमी हाय वाटतंय," असं ते पुटपुटतात. मामांचं पुटपुटणं म्हणजे इतरांचं भांडण. समोरच्या घरातलं तान्हं पोर तेवढ्यात रडत उठतं आणि दिवस सुरू होतो.

यात मामांचा दोष नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, त्यांनी सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात उभ्यानं काढलं. त्यात कान गेले आणि आवाज तेवढा राहिला. आपण अगदी हळू बोलतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. एकदा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून गुपचूप सांगितलं की डॉक्टर नवखा दिसतोय. आतून डॉक्टरांनीच उत्तर दिलं की बारा वर्षं झाली.

आता अशा माणसाला छंद कसला असावा? भजनाचा शोभला असता. मामांना नाद आहे सायकलवरून पक्षी बघत हिंडण्याचा. दर रविवारी हिप्परग्याचा तलाव, तिथून कच्च्या रस्त्यानं मार्डीकडे, वाटेत दोन-तीन गावतळी, मग वनखात्यानं लावलेली झाडी आणि शेवटी नान्नजचं माळरान. उंचवटा म्हणून काही नाही. नजर जाईल तिकडे पिवळं गवत आणि वर आभाळ. माणसानं साधं खोकलं तरी शेजारच्या तालुक्यात कळावं अशी शांतता, आणि तिच्यात अंबादासमामा.

मी या भानगडीत पडलो तो रक्तात साखर निघाली म्हणून. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. बायकोनं मला सरळ मामांच्या हवाली केलं. मी गियरची सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, दुर्बीण गळ्यात अडकवली. बायको म्हणाली, लग्नात एवढे सजला नव्हतात. मी शाळेत क्लार्क आहे, पण मामा मला "सर" म्हणतात आणि मी ते आजवर दुरुस्त केलेलं नाही.

मामांची सायकल काळी, जुनी आणि माझ्या सायकलीपेक्षा कायम दोनशे हात पुढे. कॅरियरवर त्यांनीच विणलेल्या चादरीची घडी, हँडलला पिशवी, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. जग ते अजूनही मागावरच बघतात. सरळसोट रस्त्याला फाटा नसला की म्हणतात, ताणा हाय, बाणाच न्हाय, म्हणजे नुसते उभे धागे, आडवा एकही नाही. तलाव भरला असला की कापडाची रुंदी सांगावी तसा पन्हा किती मोठा आहे ते हात पसरून दाखवतात. माझ्या सायकलीचा टायर त्यांनी पहिल्याच दिवशी चिमटीत धरून पाहिला आणि माल हलका आहे असा निकाल दिला.

पक्षी मी खूप पाहिले, पण बहुतेक सगळे पाठमोरे. तलावाच्या काठाला चक्रवाक शांतपणे पोहत असायचे. मी दुर्बीण डोळ्याला लावायचो. मामा माझ्या कानाशी लागून, त्यांच्या मते कुजबुजत, "सर, चक्रवाक" असं म्हणायचे आणि सगळा थवा तलावाच्या पलीकडे जाऊन बसायचा. काळविटांना तर मामांची सायकलसुद्धा ओळखू यायला लागली होती.

तरी मामा सगळं बघायचे, आणि बघायचे म्हणजे पाठ करायचे. "नीट बगा सर, परत सांगावं लागतंय," हे त्यांचं पालुपद. तळ्यात पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे, बाभळीला फुलं आली का, कुठल्या बांधावर किती बगळे बसले, सगळं. एकदा परतताना त्यांनी मला विचारलं, चक्रवाक किती होते. मी म्हटलं, असतील पंचवीसेक. त्यांनी सायकल वळवली, तीन किलोमीटर मागे गेले, मोजून आले आणि एकतीस आहेत असं सांगून मुकाट पुढे निघाले. हे सांगायचं कुणाला, ते मी कधी विचारलं नाही. चहाच्या टपरीवर गप्पा हाणत असतील असं धरून चाललो.

एकच पक्षी त्यांना हवा होता, माळढोक. तो आता दिसत नाही, दिसायला नशीब लागतं, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण मामांच्या बायकोनं, लक्ष्मीअक्कांनी, तो लहानपणी पाहिला होता. त्यांचे वडील सायकलीवर लुगड्यांचं गाठोडं लादून याच गावांतून विकत फिरायचे आणि लेकीला पुढच्या दांड्यावर बसवायचे. या माळावर त्यांनी सायकल थांबवून तिला तो पक्षी दाखवला होता. आता अक्कांची छाती गेलेली. कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता कापसाची धूळ आत साठली, त्यामुळे जिना उतरणंही बंद झालेलं. मामा फिरून आले की त्या दर रविवारी तेवढंच विचारतात, दिसला का. "आमच्या घरात विचारतेत," मामा म्हणायचे, "आन् दर खेपंला न्हाय म्हणायचं लई जड जातंय." मला वाटायचं, बायको म्हटलं की असं विचारायचंच. माझीही विचारते, साखर उतरली का.

दिवाळीनंतरचा एक रविवार. माळावरच्या रस्त्यानं आम्ही चाललो होतो. रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही हा नियम, आणि शिरलं की कुसळं पायमोज्यांत घुसून आठवडाभर नियमाची आठवण देतात. मामा नेहमीप्रमाणे दोनशे हात पुढे. अचानक ते थांबले. सायकल अलगद आडवी ठेवली आणि माझ्याकडे वळून हात करायला लागले. तोंडातून शब्द नाही. आधी तळहात पालथा करून खाली खाली दाबला. मग मान ताणून दोन बोटं हवेत सावकाश चालवली. मग पुन्हा तळहात खाली.

इतक्या दिवसांत मामांना गप्प असलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, त्यामुळे मी घाबरलो. तळहात खाली म्हणजे टायर बसला, आणि दोन बोटं म्हणजे आता पायी चालत जायचं, असा मी अर्थ लावला. दोनशे हातांवरून, आणि तेही ऐकू न येणाऱ्या माणसाला विचारायचं म्हणून मी पोटातून ताकद लावून ओरडलो, "हवा गेली का?"

मामांच्या पलीकडे, गवतातून, काहीतरी मोठं उठलं. जड पंखांनी दोन-तीन फटके मारले आणि झाडीच्या दिशेनं खाली खाली जात दिसेनासं झालं. माझी दुर्बीण गळ्यात होती ती गळ्यातच राहिली.

 मामांनी रागावून घ्यावं म्हणून मी वाट बघत होतो. जवळच एक धनगर मेंढरं घेऊन उभा होता, त्याला जाऊन मामांनी विचारलं. तो म्हणाला, "लांडोर आसंल की. हितं लई हायती." मग मामांच्या तोंडाकडे बघून त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "पर म्या बी नीट न्हाय बगितलं."

परतताना मामांनी एकाही तळ्यावरचे पक्षी मोजले नाहीत. भाकरी पिशवीतच राहिली. मी मागून येताना मनात माफीची वाक्यं जुळवत होतो, पण ती त्यांना ऐकू जायची तर मोठ्यानं म्हणावी लागली असती, आणि तो धीर मला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी आले की मामा लिंबाच्या झाडाखाली सायकल लावून दहा मिनिटं हातवारे करतात. हे मी माझ्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलेलं. सायकल चालवून आखडलेले खांदे मोकळे करत असतील, असं मला वाटायचं. हा व्यायाम मला इतका पटला होता की मीही महिनाभर आमच्या गच्चीवर तो केला होता. त्या दिवशी मात्र मी घरी वळलो नाही, त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि ते जिकडे बघत होते तिकडे बघितलं.

मामांच्या घराच्या वरच्या सज्जात खुर्चीवर लक्ष्मीअक्का बसल्या होत्या. मामांचे हात चालत होते आणि त्यांचे डोळे त्या हातांवर होते. मध्येच त्याही दोन बोटं हलवून काही विचारायच्या. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळे खुणांनी बोलतात, हे मी ऐकून होतो. तार तुटली, कांडी संपली, चहा आला. या दोघांनी त्याच खुणांत संसार केला होता, आणि आता एकाला कान नाहीत, दुसरीला दम नाही, म्हणून त्याच खुणांत सगळा माळ, तळी, एकतीस चक्रवाक वर पोचत होते. ते सगळं पाठ करणं या सज्जासाठी होतं. मला माझ्या दुर्बिणीची लाज वाटली.

शेवटी मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अक्का हसल्या, हसता हसता खोकल्या आणि थोडं थांबून एक खूण केली.

"काय सांगितलंत?" मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"खरं ते. एक पक्षी दिसला, सर वरडले, उडाला. कुटला ते कळलं न्हाय."

"मग त्या काय म्हणाल्या?"

 पुढचं मामा इतकं हळू बोलले की मला वाकावं लागलं. मामांचं बोलणं ऐकायला वाकण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"म्हणतीय, तोच आसणार. लांबचं तिला माज्यापेक्षा चांगलं दिसतंय."

संध्याकाळी मी जिना चढून वर गेलो आणि अक्कांची माफी मागितली. त्यांनी एक एक शब्द दम घेत सांगितलं की माझी ओळख त्यांना जुनी आहे. महिनाभर मी रोज सकाळी गच्चीवरून त्यांना "धोटा अडकला, धोटा अडकला", म्हणजे माग बंद पडला, असं कळवत होतो. त्या काळजीतच पडल्या होत्या.

मग त्यांनी मला दोन खुणा शिकवल्या. पहिली, तळहात पालथा करून खाली दाबायचा, म्हणजे गप्प बसा. ही मी दर रविवारी मामांना करतो, ते मला उलट करतात, आणि चक्रवाक आता आमच्याकडे तोंड करून पोहतात. दुसरी खूण, दिसला. ती मी रोज आंघोळीनंतर एकदा करून बघतो, हात चुकायला नको म्हणून. अजून वापरायची वेळ आलेली नाही. अक्का मात्र दर रविवारी सज्जात बसून आधी माझ्या हातांकडे बघतात.