इंग्रजीत निघालेली आई

मेक्सिकोतल्या सांता रोमुआल्दा गावात कुणाची कविता इंग्रजीत भाषांतर होऊन छापून आली, की त्या कवितेत जे काही असेल ते गावातून उठून इंग्रजीत निघून जात असे. चर्चची घंटा अशीच गेली होती. नदीकाठचं अव्होकाडोचं झाड गेलं, तेव्हा वर चढलेला चांभार तेवढा धपकन खाली पडला, कारण तो कवितेत नव्हता. डोंगरावरून दुपारी येणारा गार वारा गेला, तेव्हापासून लोक पुठ्ठ्याने वारा घेत आणि त्या कवीच्या नावाने बोटं मोडत. कवी त्या सुमारास बोस्टनला सत्कार घेत होता.

भाषांतर कच्चं असलं, तर वस्तू अर्धवट जाई. नगराध्यक्षांचा घोडा एका उतावळ्या भाषांतरकाराने नेला, तो खोगीर आणि शेपूट मागे टाकूनच. शेपूट अजून नगरपालिकेत खुंटीला आहे.

शेवटी गाव शहाणं झालं. ठराव झाला, की इंग्रजीवर डोळा ठेवून लिहिणाऱ्याने कवितेत निवडुंग, कवट्या आणि माळावरचं ऊन यापलीकडे काही घालू नये. हा माल गावात रग्गड होता, गेला तरी कुणाचं अडत नव्हतं. इंग्रजी वाचकही त्यावर बेहद्द खूश. निवडुंग नसलेली मेक्सिकन कविता हातात पडली, की त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटे. मरणाला तर इतकी मागणी आली, की कवट्या कमी पडून शेजारच्या गावातून आणाव्या लागल्या.

म्हणून फिदेन्सियोने जेव्हा स्वतःच्या आईवरची कविता पुढे केली, तेव्हा नगरपालिकेत एकच धावपळ उडाली.

फिदेन्सियो शाळेत मास्तर होता, पण ते आपलं नावापुरतं. एरवी तो कवी. पन्नाशीला टेकला होता, लग्न केलं नव्हतं, आईच्या हातचं खात होता. आईला सारं गाव दोन्या चोना म्हणे. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई. मडक्यात काळा घेवडा शिजवणं आणि मक्याच्या भाकऱ्या भाजणं यात तिचा दिवस जाई. वाचता येत नव्हतं. मुलगा कवी आहे हे तिने मान्य केलं होतं, घरात कुणाला दमा असला की मान्य करावं लागतं तसं.

भाषांतर करणार होती मिस हॅडली. अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठात शिकवायची. तिच्या कामाची ख्याती दांडगी. "या बाईंनी हात लावला, की स्वल्पविरामसुद्धा मागे राहत नाही," असं नगरपालिकेचा कारकून निकानोर सांगे, आणि सांगताना घोड्याच्या शेपटाकडे बघे.

गावातलं जितंजागतं माणूस जाणार, म्हणून रीतसर सुनावणी झाली. दोन्या चोनाला पुढच्या खुर्चीवर बसवलं.

"इंग्रजी वाचक या आईची आतुरतेने वाट पाहताहेत," मिस हॅडली म्हणाली.

"का? त्यांना आया नाहीत?" दोन्या चोनाने विचारलं.

"आहेत. पण मेक्सिकन नाहीत."

हे निकानोरने नोंदवून घेतलं. मग नियमाप्रमाणे फिदेन्सियोने उभं राहून, छातीवर हात ठेवून कविता वाचली. आई दारात उभी आहे आणि मी निघालो आहे, अशी सुरुवात होती. पुढे माझे पाय, माझी वाट, माझ्या हाडांत शिरलेली थंडी. मग कुठूनशी वाफ येते, आणि त्या वाफेत मला माझाच चेहरा दिसतो. सभागृह हुंदके देऊ लागलं. आयुष्य कवितांच्या फायलींत गेलेला निकानोर, पण त्यालाही चष्मा पुसावा लागला.

"मी दारात कधी उभी होते रे?" दोन्या चोनाने विचारलं.

"आई, ती प्रतिमा आहे."

"अरे, पण मला वेळ कुठे असतो दारात उभं राहायला? मी दारात गेले की घेवडा खाली लागतो."

"दोन्या," निकानोर म्हणाला, "हरकत असेल तर आत्ता सांगा. छापून आल्यावर आमच्या हातात काही नाही."

हरकत होतीच. गुडघे धड नव्हते. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. शेळी गाभण होती. आणि हे घर, हे पोर सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती भ्याली होती, साफ भ्याली होती. तिने मुलाकडे पाहिलं.

"आई, इथे मला वाचतंय कोण?" फिदेन्सियो म्हणाला. "राजधानीतले संपादक माझं पाकीटसुद्धा फोडत नाहीत. एकदा इंग्रजीत आलो ना, की हेच लोक 'आमचा फिदेन्सियो, आमचा फिदेन्सियो' करत येतात की नाही बघ. आणि तू तर अमर होशील."

"आणि तुला जेवायला कोण घालेल?"

याचा फिदेन्सियोने विचार केला नव्हता. "बघू काहीतरी," तो म्हणाला.

"बरं बाबा. तू म्हणतोस तर जाते."

मिस हॅडलीचे डोळे भरून आले. हे वाक्य प्रस्तावनेत घालायचं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

मग दोन्या चोनाची आवराआवर सुरू झाली. शेळी शेजारच्या तोमासाला दिली. फिदेन्सियोला किती तिखट चालतं, तो रुसला की कसा समजवायचा, हेही तोमासाला सांगून ठेवलं. टिकतील अशा भाकऱ्या कडक वाळवून टोपलीभर रचल्या. घरोघरी जाऊन निरोप घेतला. फिदेन्सियो ढसाढसा रडला, आणि आपल्या रडण्यावर त्याने एक कविता लिहिली.

ती कविता असलेलं पुस्तक मंगळवारी छापून येणार होतं. दोन्या चोना सकाळीच न्हाली, ठेवणीतली शाल पांघरली आणि गाठोडं मांडीवर घेऊन अंगणात खुर्चीवर बसली. गाव लोटलं. बँड आला. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला. फिदेन्सियोला हे बघवेना, म्हणून तो आत जाऊन खाटेवर पडला.

ऊन डोक्यावर आलं. दोन्या चोना होती तिथेच होती. लोक उगाच खाकरू लागले.

"पुस्तक उशिरा निघालं असेल," कुणीतरी म्हणालं.

तोमासा तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली आणि तिथूनच किंचाळली, "अगं चोना! फिदेन्सियो कुठाय?"

खाट रिकामी होती. निकानोरने लगेच पंचनामा केला. घराचं दार गेलं होतं. अंगणापासून रस्त्यापर्यंतची पायवाट गेली होती. चुलीवर घेवडा रटरटत होता, पण त्यातून वाफ येत नव्हती. आणि कवी फिदेन्सियो, वय वर्षं एकोणपन्नास, पायांसकट गेला होता.

"आणि आई?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"आई जागेवर आहे."

"असं कसं? कविता तिच्यावर होती ना?"

"दारात उभी असलेली आई गेली असणार, साहेब," निकानोर म्हणाला. "पण ती या नव्हेत. या दारात उभ्या राहत नाहीत. तसं त्यांनी सुनावणीत सांगितलेलं आहे."

बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. दोन्या चोना खुर्चीवरून उठली. तिचा संताप झाला होता.

"जन्मभर खाऊ घातलं मेल्याला," ती म्हणाली, "आणि मला घातली वाफेपुरती!"

एवढं म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "माझा फिदेन्सियो गेला हो," असं म्हणत ती तशीच खाली बसली. तोमासाने तिला धरलं. पायवाट नसल्यामुळे लोक शेजाऱ्याच्या मक्यातून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी निकानोर मुद्दाम तिच्याकडे आला. "दोन्या, धीर सोडू नका. पुस्तक रद्दीत गेलं, की माल परत येतो. घंटा नाही का आली? अहो, इंग्रजीत तरी कविता विकत घेतंय कोण? वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे."

तेव्हापासून दर रविवारी दोन्या चोना, आपल्या मुलाचं पुस्तक कुणी घेऊ नये म्हणून, चर्चमध्ये मेणबत्ती लावू लागली. पाद्रीबाबांनी आधी आढेवेढे घेतले, मग सामुदायिक प्रार्थनेतच ते घालून टाकलं. सगळं गाव मनापासून म्हणू लागलं, की देवा, फिदेन्सियोचं पुस्तक पडू दे. प्रार्थना फळाला येत होती. पुस्तक कुणी घेत नव्हतं. मग मोठमोठ्या समीक्षकांनी त्याची स्तुती केली, तेव्हा जे कुणी घेणार होते तेही थांबले. दोन्या चोनाने त्याची खाट उन्हात टाकली, नवी चादर आणली.

आणि एके दिवशी दुपारी मिस हॅडली मक्यातून वाट काढत, बूट चिखलाने भरलेले, हातात फुलांचा गुच्छ, अशी दारापाशी, म्हणजे जिथे दार असे तिथे, येऊन उभी राहिली. मागोमाग निकानोर होता.

"दोन्या, अभिनंदन!" ती म्हणाली. "पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं!"

निकानोरने टोपी काढून हातात घेतली.

"म्हणजे काय झालं?" दोन्या चोनाने त्याला विचारलं.

"म्हणजे आता दरवर्षी नवी पोरं ते विकत घेणार."

"वाचणार?"

"वाचणार नाहीत. पण घेणार."

"असं किती वर्षं?"

"लागलेलं पुस्तक निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, दोन्या."

दोन्या चोनाने खाटेवरच्या नव्या चादरीची घडी केली. मग मिस हॅडलीला म्हणाली, "तो बरा आहे ना तिकडे?"

"बरा? अप्रतिम आहे! दुसऱ्या कडव्यात तर इतका..."

"जेवतो का?"

मिस हॅडली सच्ची बाई होती. तिने पुस्तक उघडलं, कविता वरपासून खालपर्यंत पाहिली, पान उलटलं, पुन्हा मागे आली.

"वाफ आहे," ती म्हणाली. "जेवण नाही."

"एखादी भाकरी?"

"नाही."

"मग तुम्ही घाला की हो एक. एवढीशी. कुणाला कळणार आहे?"

"मुळात नाही ते मला घालता येत नाही, दोन्या," मिस हॅडली म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

दोन्या चोनाने शालीचं टोक डोळ्यांना लावलं. "मेल्या," ती म्हणाली, "एवढं लिहिलंस, त्यात एक घास तरी लिहायचास रे."

मग पाहुणी जेवणाच्या वेळेला आलेली म्हणून तिने ताट वाढलं. मिस हॅडली पोटभर जेवली, आणि अजून एक भाकरी मागून घेतली.