नऊ शिक्क्यांची पदवी

गटार-सफाईची सूचना टेबलावरच पडलेली चिनात्सुला दिसली, तेव्हा घरोघर फिरून वाचल्याचा शिक्का घेणारी गल्लीची फाइल घराबाहेर पडून दोन तास झाले होते. मग फाइलमध्ये आपण लावलं तरी काय? तिने ड्रॉवर उघडला. तीन आठवडे सासूपासून लपवलेला कागद जागेवर नव्हता.

चिनात्सु शाळेतल्या विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस होती, ताशी अकराशे येनवर. शिक्षिका व्हायचं तर पदवी हवी, आणि पत्राद्वारे मिळणाऱ्या त्या पदवीचा नफा-तोटा तिने त्या कागदावर मांडला होता. एकीकडे दोन वर्षांची फी नऊ लाख, उन्हाळ्यातल्या वर्गांसाठी ओसाकाला जाणं-येणं, सराव-पाठांपायी बुडणारा पगार. दुसरीकडे शिक्षिकेचा वाढीव पगार. वय एकेचाळीस. खर्च भरून निघायला नऊ वर्षं, असं उत्तर आलं होतं. तळाशी वर्गातल्या इत्सुकी नावाच्या मुलाबद्दल एक ओळ होती : 'वर्गावरच्या बाई दर एप्रिलला बदली घेऊन जातात आणि इत्सुकी नव्या बाईंपुढे जूनपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. याचे किती?' पुढे प्रश्नचिन्ह.

सासूबाई, म्हणजे फुमिए, यंदाच्या गल्लीप्रमुख. एकेचाळिसाव्या वर्षी कॉलेज म्हटल्यावर त्या काय म्हणतील, याची चिनात्सुला चांगलीच कल्पना होती. आणि ती फाइल नऊ घरांचे शिक्के घेऊन त्यांच्याच हातात परत येणार होती. चिनात्सुने पायात चपला सरकवल्या आणि ती धावत सुटली.

"कुबोकाकू, फाइल आहे का तुमच्याकडे?"

"अगं, केव्हाच पुढे दिली. शिक्का मारला, एक पाकीट जोडून त्यात पाचशे येनही घातले हं."

"पाचशे? कशाचे?"

"वर्गणीचे! एवढा खर्च मांडून पाठवलाय म्हणजे वर्गणीच की. कोणासाठी ते लिहिलं नव्हतं, पण मी मेली कशाला विचारू? एखाद्याला अवघडल्यासारखं होतं."

फाइलमध्ये गटाराऐवजी पदवी कशी, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. फाइलमधून आलं म्हणजे शिक्का मारायचा, एवढंच या गल्लीला ठाऊक. त्यात पाकिटावर 'कुबो, पाचशे' असं लिहिलेलं वाचल्यावर दुसरं घर मागे राहतंय कशाला? सगळ्यांनी पाचशेच घातले. एक येन जास्त नाही, उगाच शेजाऱ्याला ओशाळं वाटायला नको. एरवी ही फाइल तीन-तीन आठवडे लोळत असते. पण आता तिच्यात दुसऱ्यांचे पैसे होते, त्यामुळे ती घरात ठेवून घ्यायची कुणाची छाती होईना. चिनात्सु ज्या दारात जाई, तिथून फाइल नुकतीच पुढे गेलेली असे.

शेवटचं घर नेझुकाकांचं. काका बँकेतून निवृत्त झाले होते, पण त्यांचं लाल पेन अजून कामावर होतं.

"फाइल? ती तुमच्या सासूबाईंकडे आत्ताच देऊन आलो. त्यातला गुणाकार मात्र कुणीतरी चुकवला होता हो. पैसे नऊ नाही, अकरा वर्षांत सुटतात. दुरुस्त केलंय मी."

"आणि... खालची ओळ?"

"तिथे काही आकडा बसेना. चाळीस वर्षं बँकेत काढली, पण असला रकाना आमच्याकडे नव्हता. रिकामा सोडवेना, म्हणून 'पदवी घ्यावी' असं लिहून टाकलं." काका जरा घुटमळले. "चुकलं का काही?"

चिनात्सुचे डोळे भरून आले. इत्सुकीची ती ओळ आजवर तिच्याशिवाय कुणी वाचलीच नव्हती.

"नाही काका, बरोबर आहे. तो कागद माझाच आहे."

एकदाचं तोंडातून निघून गेलंच होतं. आता धावण्यात अर्थ नव्हता. काय व्हायचं ते होऊ दे, आपणच सांगायचं, असं ठरवून ती चालत घरी आली.

फुमिए टेबलाशी नाण्यांच्या चळती लावत बसल्या होत्या.

"आई, तो कागद माझा आहे. मी पदवी घेणार. अकरा वर्षं लागली तरी घेणार."

"तुझं अक्षर मला काय आज दिसतंय? ते राहू दे बाजूला. हे साडेचार हजार जमलेत, त्यांचं काय?"

"घरोघर जाऊन परत करते."

"परत? शिक्का मारून दिलेले पैसे परत? नऊ घरांच्या तोंडावर मारायचे? मी प्रमुख असताना हे व्हायचं नाही." त्यांनी कोरा कागद ओढला आणि भराभरा लिहायला घेतलं. "गल्लीने पैसे दिलेत, तर गल्लीला हिशेब गेला पाहिजे. ऐक. 'वर्गणीदारांना कळवण्यात येते की अर्ज उद्या भरला जाईल. गुणपत्रिका दर सहामाहीला फाइलमधून फिरेल. पाहून शिक्का मारावा.'"

"गुणपत्रिका? नऊ घरांत?" चिनात्सु मटकन खुर्चीत बसली. "आणि आई, मी नापास झाले तर?"

फुमिएंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तर मला ही गल्ली सोडावी लागेल. या वयात मी घर शोधत कुठे फिरू? ऊठ, पुस्तकं मागव."